बोट दाखवलेले दुधी

आमच्या घरी देवघराच्या जागी पत्रकांचा गठ्ठा होता. बाबा विज्ञानप्रसाराची पत्रकं वाटायचे आणि मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. त्यामुळे अकरावीत असताना सांडोर गावातल्या आमच्या शेजारच्या मावशींनी त्यांच्या दुधीच्या मांडवाखाली माझा हात धरला, तेव्हा माझं रक्तच उसळलं.

"बोट नको दाखवूस! कोवळा दुधी आहे, कुजेल. चाव ते बोट!"

"मावशी, हे तुमचं गृहीतक आहे. सिद्ध करा."

"माझ्या आईने सांगितलंय. आणखी काय सिद्ध करायचं?"

मग पैज लागली. बोट दाखवलेले दुधी कुजले, तर मी मावशींच्या फाटकात पत्रकं खोचणं बंद करायचं. नाही कुजले, तर त्यांची रस्त्यालगतची पांढरीशुभ्र भिंत पत्रकं चिकटवायला माझी. त्या भिंतीवर माझा फार दिवस डोळा होता. चर्चला जाणारा सगळा गाव तिच्यासमोरून जायचा.

मी एकाच वेलावरचे सारखे दुधी निवडले. अर्ध्यांना लाल दोरा बांधला आणि त्यांना एकेक करून, नीट रोखून, बोट दाखवलं. मावशी दर बोटाला छातीवर क्रूसाची खूण करत होत्या. उरलेल्यांना पांढरा दोरा. त्यांना बोट नाही. तुलनेसाठी असा गट हवाच. बाकी ऊन, पाणी, खत सारखं, फरक फक्त बोटाचा. आणि निरीक्षकाने मध्ये लुडबुड करू नये, म्हणून मी दुधी काढायच्या दिवसापर्यंत मांडवाकडे फिरकले नाही.

त्या दिवशी पाहते तर पांढऱ्या दोऱ्याचे दुधी माशीने डंखून पिवळे पडलेले, आणि लाल दोऱ्याचे बाळसेदार!

"भिंत माझी!" मी ओरडले. मग नीट पाहिलं. लाल दोऱ्याच्या प्रत्येक दुधीला कागदाचं अंगडं होतं. एकाच्या पोटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'भीती सोडा, विचार करा.'

"मावशी, ही माझी पत्रकं!"

"मग? तू बोट दाखवून मोकळी झालीस. बिचाऱ्यांना कोणी झाकायचं?"

"पण कागदामुळे माशी बसली नाही! बोटाचं काहीच कळलं नाही. प्रयोग बाद!"

"म्हणजे तू हरलीस?"

"नाही."

"जिंकलीस?"

"तेही नाही."

"एवढं शिकून हेच?" मावशींनी कपाळावर हात मारला. "दुधी कुजले नाहीत ना? मी शब्द दिलाय. भिंत घे."

फुकटचा विजय मी घेणार नव्हते, आणि मावशी शब्द मागे घेणार नव्हत्या. शेवटी मी भिंतीवर एकच कागद चिकटवला: 'प्रयोग फसला. निष्कर्ष नाही. पुढच्या वेलावर पुन्हा करू, कागदाशिवाय.'

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो कागद कौतुकाने दाखवत होत्या. हनुवटीने.

"बोट नको," त्या सगळ्यांना बजावत होत्या, "कालच लावलाय."