तेल न घातलेला पांगुळगाडा

मी पांगुळगाड्याला बॉल बेअरिंग बसवले. पुण्याला जाऊन डिझाईन शिकून आलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? माझी भाची परी दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. काही बिघाड नाही, तिची ती चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण शेजारणी रोज विचारायच्या आणि ताई रोज सुकत चालली होती. म्हणून मामानं गाडा केला. एका बोटानं ढकलला तरी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकाला जाई. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. परीनं दांडा धरला, गाडा थेट तुळशीपाशी गेला आणि परी जागच्या जागी तोंडावर आपटली. ओठ फुटला. त्या दिवसापासून बाजेला धरून उभं राहणंही तिनं सोडलं.

ताई मला फार काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आता गफूरचाचांकडं जा."

दिंद्रुडच्या बाजाराच्या कडेला चाचांचं सुतारकामाचं दुकान होतं. आधी त्यांनी बैलगाड्या केल्या, नंतर दाराच्या चौकटी. पांगुळगाडा मात्र कायम चालू. नवा गाडा तयार झाला की हा पांढऱ्या दाढीचा माणूस गुडघ्यांवर बसायचा, दांडा धरायचा आणि दुकानभर फिरायचा. गिऱ्हाईक ताटकळो, चहा थंड होवो. फेरी पुरी झाल्याशिवाय गाडा कुणाच्या हाती पडत नसे.

मी त्यांना मोबाईलवर माझं ड्रॉइंग दाखवलं. मापं, कोन, सगळं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"पोरगी कुठं हाय?"

"घरी."

"मंग हे कुणाचं माप हाय? मोबाईलचं?"

मग त्यांनी माझा गाडा हातात घेतला, चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं. चाचा ते बोटानं थांबवून मला म्हणाले, "कावून पळवायचंय बे पोरीला? गाड्यानं पोराच्या पावलानं चालायचं असतंय. जोर लागला तरच पाय भरतेत." आणि मला शेजारी गुडघ्यांवर बसवून माझाच गाडा ढकलायला लावला. मी दुसऱ्याच ढकलण्यात भुशात पालथा झालो. समोरच्या चहावाल्यानं पुढचे कित्येक दिवस मला चहाबरोबर विचारलं, की आज चालणार का रांगणार.

दुसऱ्या दिवशी ताई परीला घेऊन आली. चाचांनी पोरीकडं बघितलंसुद्धा नाही. एका बुटक्या पाटावर रंध्यातून निघालेल्या कुरळ्या सालींचा ढीग ठेवला आणि आपल्या कामाला लागले. थोड्या वेळानं परी पाटाला धरून उभी राहिली आणि साली उधळू लागली. ताईनं तोंडाला पदर लावला. चाचांनी हळूच सुतळी धरून परीच्या हाताची उंची घेतली. माझ्या ड्रॉइंगपेक्षा दांडा चार बोटं खाली आला.

त्यांनी बाभळीचा गाडा केला. चाकं जड, आसात चामड्याच्या चकत्या घट्ट बसवलेल्या, तेलाचा थेंब नाही. पुढं एक लाकडी हातोडी. चाक फिरलं की टक वाजणार, थांबलं की गप्प. ते डिझाईन मला आजवर सुधारता आलेलं नाही. परी पहिले काही दिवस त्याला शिवली नाही. चाचा रोज येऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर फेरी मारायचे, कण्हत कण्हत. एका सकाळी ओसरीवरून टक आवाज आला. मग थांबला. मग परत टक. ताई भाकरी तव्यावर तशीच टाकून धावली.

तीन आठवड्यांत परीनं गाडा सोडला. मला वाईट वाटलं, इतका सुंदर गाडा कोपऱ्यात पडला म्हणून. चाचा मात्र लई खूश. "अडगळीत गेला म्हंजे पास झाला," ते म्हणाले. बाजाराच्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर बसून मोठमोठ्या माणसांच्या चाली बघायचे. हा माझ्या गाड्यावर शिकला, डावा पाय अजून फेकतो, असं भर बाजारात सरपंचालाही सुनावायचे. सरपंच हसून पाय सरळ टाकायचे.

आज मी बीडला पांगुळगाडेच बनवतो आणि छातीठोकपणे सांगतो, मी गफूरचाचांकडं शिकलो. प्रत्येक नवा नमुना त्यांच्याकडं न्यायचा, त्यांनी दांडा हलवून बघायचा, मगच माझा जीव भांड्यात पडायचा. पुढं त्यांचे हात कापू लागले. मुलगा त्यांना परभणीला न्यायला आला, त्या दिवशीही मी नवा गाडा घेऊन जीपपाशी उभा होतो. परी सोबत होती. तोवर ती शाळेत धावण्यात पहिली येऊ लागली होती. चाचांच्या पाया पडून ती जीपभोवती पळत सुटली. मी गाडा पुढं केला आणि म्हणालो, चाचा, तेवढा दांडा बघा, मग जा.

त्यांनी दांड्याला हात लावला नाही. आधी पळणाऱ्या परीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पोरगी तीन हप्त्यांत दांडा सोडून गेली. तू इतका मोठा झालास, अजून धरूनच हायस बे."