हवालदारांचा एकच प्रश्न

तत्त्वज्ञान हा विषय आमच्या हवालदारांइतका मनावर घेणारा विद्यार्थी सांगली-सातारा पट्ट्यात दुसरा झाला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. आम्ही बाकीचे पाच जण या विषयाला आलो ते दुसरीकडच्या जागा भरल्या म्हणून. हवालदार मात्र फौजेतली सतरा वर्षं संपवून, तासगावजवळची द्राक्षबाग धाकट्या भावावर सोपवून, ठरवून आले होते. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात पहिल्याच तासाला ते ताडकन उभे राहिले आणि वयानं दहा वर्षांनी लहान असलेल्या सरांना म्हणाले, "साहेब, माझा एकच प्रश्न हाय. मी आजारी पडलो म्हणून जोडीदारानं माझी ड्यूटी घेतली. चौकीवर बर्फाचा कडा कोसळला, त्यो गेला. आता दोष माझा का न्हाई? हे कुठल्या वर्षाला शिकवत्यात?"

सरांनी चष्मा पुसला, अभ्यासक्रमाचा कागद चाळला आणि खरं ते सांगून टाकलं, "इच्छास्वातंत्र्य आणि जबाबदारी... टीवायला आहे."

"मग तवर कळ काढतो," म्हणून हवालदार बसले. त्या जोडीदाराची बायको सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. हवालदारांनी त्या अपघातानंतर तिला तोंड दाखवलं नव्हतं. जायचं ते उत्तर घेऊनच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि कळ काढली तरी कशी! हजेरीला "हजर साहेब!" असं गरजायचे की शेजारच्या वर्गातलं अर्थशास्त्र मिनिटभर थांबायचं. कुणी बघत नसताना वस्तू असतात का, असं सरांनी एकदा विचारलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी सगळ्यांच्या आधी हजर. "खोली नंबर अकरा. बाक वीस, टेबल एक, फळा एक. शिपायाला इचारलं, कालपास्नं हिकडं कुणी फिरकलं न्हाई. समदं जागच्या जागी हाय." मग जरा विचारात पडून म्हणाले, "पर साहेब, मोजताना म्या बघितलंच की. म्हंजे हे काय जमलं न्हाई." सरांना एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. पुढे नीतिशास्त्रात सरांनी पेच टाकला: मित्र तुमच्या घरात लपलाय, मारेकरी दारात येऊन त्याचा पत्ता विचारतोय, खोटं बोलाल का? हवालदारांनी हात वर केला, "घराला मागलं दार हाय का, साहेब?" घरीही हेच चालायचं. त्यांचा भाऊ एकदा एसटी स्टँडवर मला गाठून कळवळून म्हणाला, "आवं, ह्येला काय शिकवताय? बेदाणा वाळला का म्हणून इचारलं, तर 'वाळला म्हंजे काय?' म्हंतोय!"

अखेर टीवायला ते प्रकरण आलं. चार दिवस सर जीव तोडून शिकवत होते. माणूस स्वतंत्र आहे म्हणणारे, सगळं कारणांनी बांधलेलं आहे म्हणणारे, दोघांची समजूत घालणारे. हवालदारांनी शब्दन् शब्द रजिस्टरात उतरवला. पाचव्या दिवशी उभे राहिले. "साहेब, मग निकाल?"

सरांचा चेहरा उतरला. "निकाल नाही, हवालदार. हजारो वर्षं वाद चाललाय. मलाही माहीत नाही." मला त्या क्षणी सरांचा भयंकर राग आला. एका माणसापुरतं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? हवालदार "जी" म्हणाले आणि रजिस्टर मिटून बसले.

दुसऱ्या दिवशी, तीन वर्षांत पहिल्यांदा, ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. हजेरी घेताना सर त्यांच्या नावाशी अडखळायचे. चौथ्या दिवशी मात्र आले आणि मला कँटीनमध्ये घेऊन गेले.

"साहेबास्नी बी ठावं न्हाई, मग म्या कुणाची वाट बघायची? गेलो वहिनीकडं. दारातच वळखलं तिनं. म्हणाली, 'आवं भावजी, दाढ दुखायची र्‍हायली का तुमची?'"

मला काही कळेना. हवालदारांनी मान खाली घातली. आजार कसला, नुसती दाढ ठणकत होती त्यांची. लाजेपायी हे कुणाजवळ बोलले नव्हते. पण जोडीदारानं त्याच दिवशी बायकोला पत्र टाकलं होतं: याची दाढ लय दुखतीय, आज मी त्याच्या जागी जातोय. बाईला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. नवऱ्याबद्दल चार शब्द सांगायला हा माणूस कधीतरी येईल, म्हणून ती इतकी वर्षं वाट बघत होती.

"मग दोषाचं विचारलंत?"

"न्हाई गड्या. जेवाय वाढलं तिनं. पोरगी बापाच्या गोष्टी इचारत बसली. सांगता सांगता दिस मावळला, इचारायचं र्‍हाऊनच गेलं." एवढा फौजी गडी, कँटीनमध्ये सगळ्यांदेखत शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

परीक्षेत नेमका त्याच प्रकरणावर प्रश्न आला. पेपर सुटल्यावर मी धावत जाऊन त्यांना गाठलं. "हवालदार, तुमचा प्रश्न आला होता की!"

"बघितला," ते शांतपणे म्हणाले, "ऑप्शनला टाकला." आणि तासगावची गाडी लागलेली बघून लगबगीनं निघून गेले. मी त्या प्रश्नावर सात पानं लिहून आलो होतो.