एफीनं खडी लिहिलं होतं

स्कॉटलंडच्या आमच्या पश्चिम किनाऱ्यावर जूनमध्येसुद्धा पाणी हाडं गोठवतं. त्यात एफी गिलीस गेली बावीस वर्षं दर शनिवारी बुडी मारते. आठवडाभर शाळेत पोरांसाठी मसुराचं सूप रांधायचं आणि शनिवारी पाठीवर टाकी चढवून, पाटी-पेन्सिल घेऊन समुद्राच्या तळाशी कोण कोण राहतं ते लिहून आणायचं. पगार शून्य. होडी मी सांभाळतो. वर येते तेव्हा ओठ निळे झालेले असतात, पण तोंड बंद नसतं. आज खेकड्यानं कसा डोळा वटारला, हे मला घरी पोचेपर्यंत ऐकावं लागतं.

यंदा गावातल्याच टॉर्क्विल कोळ्यानं आखाताच्या चिंचोळ्या तोंडात लोखंडी दातांची जाळी ओढायची परवानगी मागितली. त्या जाळ्यानं खायचे मोठे शिंपले मिळतात आणि तळ नांगरून निघतो. गावच्या सभेत मत्स्य खात्याच्या साहेबांसमोर त्यानं एक कागद फडकवला.

"तळाशी आहे काय? नुसती खडी! हे मी नाही म्हणत, आपल्या एफीबाई म्हणतात. सही बघा."

कागद तिच्याच बुडीच्या नोंदीचा, सात वर्षांपूर्वीचा, सही तिचीच. जाळं अडवायला तिच्या शब्दाशिवाय आमच्याकडे काहीच नव्हतं.

"सांग की पेन्सिल पुसली गेली होती," मी कुजबुजलो.

"गप बस रे," म्हणत ती उठली. "सही माझी आणि चूकही माझी. पाण्याला ओढ होती, मी तळाच्या वरूनच पोहत गेले. खडी दिसली, खडी लिहिलं. गेल्या महिन्यात तिथेच दगड धरून वीस मिनिटं पडून राहिले, तेव्हा कळलं, ते छप्पर आहे. केशरी झालरीचे दुर्मिळ शिंपले धाग्यांनी खडे विणतात आणि त्याखाली राहतात. आपण हललो नाही की भोकांतून झालरी डोकावतात."

"वा! तेव्हा चुकलीस, मग आज कशावरून खरं?" टॉर्क्विल म्हणाला. मागचे हसले. मला त्याची मानगूट धरावीशी वाटली.

"बरोबर बोललास. माझ्यावर विश्वास ठेवूच नका. साहेब, तुम्ही बुडी मारता ना? उद्या साडेअकराला पाण्याची ओढ थांबते. टॉर्क्विल, तूही ये. होडीत बस, फक्त मळमळलं तर पलीकडच्या बाजूला वाक."

दुसऱ्या दिवशी साहेब वर आले ते दात वाजवतच. बोलता येईना, म्हणून पाटी पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं, 'शेकडो.' मी आनंदानं ओरडलोच.

एफीनं मात्र पाटी हिसकावली. "शेकडो मोजलेत?"

"मोजले एक्केचाळीस. पण पुढे सगळा तळच..."

"मग एक्केचाळीस लिहा."

"अगं बाई, आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतेस!" मी म्हणालो.

साहेबांनी शब्द पुसला आणि आकडा लिहिला. टॉर्क्विलनं पाटी हातात घेऊन बराच वेळ वाचली. मग त्यानं आपल्या थर्मासमधला चहा ओतला, पहिला कप एफीच्या गारठलेल्या हातात दिला आणि साहेबांना म्हणाला, "माझा अर्ज परत द्या. हिनं एक्केचाळीस लिहायला लावलं, तर तिथे एक्केचाळीस आहेतच."