दसऱ्याआधी संपवलेला सातवा भाग

आमच्या मुलुंडच्या घरात दसऱ्याला पाटावर वडिलांचे पाने-पकडी, आईची कात्री आणि शेवटी आमचा व्हिडिओ गेम, अशी पूजा असते. गिरणी बंद पडल्यावर वडील एका वर्कशॉपमध्ये लागले होते. नवं हत्यार पुजल्याशिवाय हातात घ्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. आम्ही भावंडांनी तोच कायदा खजिना शोधायच्या आमच्या गेमला लावला. नवा भाग कधीही येवो, दसऱ्याला पुजायचा आणि मग दोघांनी मिळून सुरू करायचा. सहा भाग असेच गेले. वडील गेल्यावर पूजा मी मांडते.

यंदा सातवा भाग दसऱ्याच्या तीन आठवडे आधी आला. भाऊ लग्न झाल्यापासून बोरिवलीला असतो. मी चाळिशीची, बँकेत नोकरी करणारी बाई, थोडी तरी अक्कल असावी. नुसतं चित्र कसं दिसतं ते बघू म्हणून एका रविवारी सकाळी वरचं प्लास्टिक फाडलं. दुपारी आईला जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

आधी रागच आला. या भागात दोघांनी खेळायची सोयच काढून टाकली होती. एका दोरीला लटकणारे आमचे ते दोन गडी गेले, आता एकटाच हिंडतो. बनवणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. पण समुद्र काय दाखवलाय, झकास! आणि खरं सांगते, एकटीने खेळणं सोपं होतं. भाऊ दर कड्यावरून पडायचा आणि मला थांबावं लागायचं. आता कोणी पडत नव्हतं. दसऱ्याआधीच्या रविवारी गेम संपला, आणि लगेच स्वतःची लाज वाटायला लागली. मी मशीनवरचा माझा सगळा खेळ पुसून टाकला, डिस्क डबीत घातली आणि दसऱ्याला पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. देवासमोर इतकी निर्लज्ज मी कधी झाले नव्हते.

भाऊ आला तो थेट पाटाकडेच गेला. "प्लास्टिक कुठंय गं?"

"दुकानातूनच असं मिळालं." चोराच्या मनात चांदणं. मी पानं वाढायला पळाले.

जेवणं झाल्यावर तो खेळायला बसला. "एकालाच खेळता येतं? वाट लावली यार यांनी. चल, आळीपाळीने खेळू." थोड्या वेळात तो लाकडी पुलावर पोचला.

"उजवीकडे उडी मार, उजवीकडे!" मी ओरडले.

त्याने मारली. मागे पूल कोसळला. त्याने गेम थांबवला.

"ताई, किती खेळलीस?"

"संपवला."

 तो म्हणाला, "ऑफिसात कोणी याच्याबद्दल बोलायला लागलं ना, की मी चहाला उठून जायचो. आधी काही कळायला नको म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिडला असता, भांडला असता, तर बरं झालं असतं.

"मजा आली का गं एकटीला?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

नाही म्हटलं असतं तर त्याचं समाधान झालं असतं. पण सकाळपासून खोटं बोलून मी कंटाळले होते.

"आली," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि तो आईशी बोलायला स्वयंपाकघरात गेला.