मोहर लावलेलं गाठोडं

निजामाच्या अमलातली ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. त्या तपासात माझ्यासोबत असलेले जमादार गेल्या महिन्यात वारले. तेव्हापासून ती रोजच आठवते, म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी तुळजापूरच्या ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार होतो. तिथून सोलापूरला मोटार जाई. तामलवाडी मागे पडली की आमची हद्द संपे आणि इंग्रजांचा मुलूख लागे. हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. तिथे मालावर जकात घेत. अंगावरच्या दागिन्यांवर ती नव्हती, पण तसा कागद नाक्याच्या आत उर्दूत लावलेला. तो कोण वाचणार?

एका सकाळी लोहाऱ्याकडची एक लिंगायत बाई ठाण्यात आली. सोबत लग्न ठरलेली मुलगी. लग्न सोलापुरात, तीन दिवसांवर. बाईने टेबलावर एक फडकं सोडलं. आत खडे होते. फडक्याच्या टोकांना तुटलेली लाखेची मोहर अजून चिकटलेली होती.

"मोटारीत शेजारी एक जन बसला हुता," ती म्हणाली. "म्हनला, नाक्यावर सोनं काढून घेत्यात. मोहर लावली की कुनी हात लावत न्हाय. त्यानंच दागिन्यांचं गाठोडं बांधलं, मोहर लावून माज्या हातात दिलं आन् तामलवाडीला उतरला. सोलापुरात जाऊन सोडलं तर हे."

"दिसायला कसा होता?"

"कपाळाला इभूत. कानडी बोलत हुता. आपलाच मानूस वाटला."

"चेहरा?"

बाई ओशाळली. "माजं ध्यान गाठोड्याकडं हुतं, साहेब."

फसलेला माणूस नेहमी आपल्या वस्तूकडे बघत असतो, समोरच्याकडे नाही. हे मी पुढेही पुष्कळदा पाहिलं.

मोटारीच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, विभूती लावलेला एक माणूस आठवड्यातून दोन-तीनदा बसतो आणि नाक्याच्या अलीकडेच उतरतो, हातात सामान नसतं. दुसऱ्याच दिवशी तामलवाडीला तसे दोघं उतरले. नेमका कोणता, हे ड्रायव्हरला सांगता येईना. आम्ही दोघांनाही ठाण्यात आणलं. एक माकणीचा कापडवाला होता. दुसऱ्याने आपण बैलांचा दलाल असल्याचं सांगितलं.

दोन तास विचारपूस केली. दोघंही चिडलेले, दोघांची उत्तरं सरळ. दुपार झाली. जमादार म्हणाले, "साब, पहले खाना देव दोनों को. भुके आदमी को क्या पूछते?"

भाकरी आली. कापडवाल्याने लगेच हात लावला नाही. त्याने पाणी मागून घेतलं, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून तळहातावर ठेवलं आणि डोळे मिटून पूजेला बसला. मी रोजनामचा लिहीत होतो. जमादारांनी माझ्या कोपराला हळूच स्पर्श केला. दलालाची अर्धी भाकरी संपली होती. विभूती त्याच्याही कपाळावर होती, आणि लिंगायत माणूस पूजेआधी जेवत नाही, लिंग कधी अंगावेगळं करत नाही.

"तुमची पूजा?" मी विचारलं.

"लिंग आज घरी राहिलं, साहेब."

कापडवाल्याने डोळे उघडले. "घरी ऱ्हायलं म्हनं! मग जीव बी खुंटीला टांगून आलास काय?"

दलालाचा घास तोंडातच राहिला. पूजा केली नाही हा काही गुन्हा नव्हे आणि पुरावाही नव्हे. पण तो आता मला नाही, त्या कापडवाल्याला घाबरला होता. खड्यांचं तसंच गाठोडं सदऱ्याआड ठेवून अदलाबदल केल्याचं त्याने तासाभरात कबूल केलं आणि दागिन्यांची जागा सांगितली. तामलवाडीत त्याच्या खोलीवर, पंचांसमक्ष, ज्वारीच्या कणगीतून दागिने निघाले. बोरमाळेचा एक मणी चेपलेला होता. तो बघताच बाई खाली बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

मी पंचनामा केला आणि नियमाप्रमाणे सांगितलं, "हा मुद्देमाल खटला संपेपर्यंत ठाण्यात राहील."

बाईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "म्हंजी चोराकडनं सुटलं आन् सरकारात अडकलं. लगीन परवा हाय, साहेब."

मी अर्ज लिहिला आणि त्यांना घेऊन मुन्सफांच्या कचेरीत गेलो. मुन्सफ म्हणाले, कुणी जामीन राहिला तर दागिने ताब्यात देता येतील. बाईचं तुळजापुरात कुणीच नव्हतं. दारात जमादारांसोबत कापडवाला उभा होता. मी त्याला सकाळीच आरोपीसारखं बसवून ठेवलं होतं.

"मी ऱ्हातो जामीन," तो म्हणाला. "अमीनसाहेबांची भाकर खाल्ली, आता सही बी घ्या."

मुन्सफही हसले. हुकूम झाला. बाईने कचेरीच्या ओट्यावरच मुलीच्या अंगावर सगळे दागिने घातले, आणि दोघी उघडपणे, सगळ्यांच्या देखत मोटारीत बसल्या. जमादार नाक्यापर्यंत सोबत गेले. परत येऊन म्हणाले, "साब, किसी ने पूछा भी नहीं." त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मोटार सुटण्याआधी जमादार दारात उभे राहून नाक्याचा नियम मोठ्याने सांगू लागले. माकणीचा कापडवाला गाडीत असला की तो कानडीत सांगे. त्यानंतर मोहरेची एकही तक्रार आली नाही. एवढ्या दोन वाक्यांनी ते थांबलं, आणि ती वाक्यं इतके दिवस आमच्यापाशीच होती. त्या माणसाला शिक्षा झाली. पण त्याचा धंदा चालत होता तो आमच्या गप्प बसण्यावर, हे मात्र कुठल्याच पंचनाम्यात आलं नाही.