न वाकणारी डोलकाठी

आमच्या अंगणात कपडे वाळत घालायला एक काळी, लांबलचक काठी आडवी बांधलेली आहे. ओल्या गोधड्या टाकल्या तरी ती तसूभर वाकत नाही. येणारा-जाणारा तिचं कौतुक करतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ती शिडाची डोलकाठी आहे. ती वाकायलाच हवी होती.

मी बरीच वर्षं कोकणात पर्यटकांना विंडसर्फिंग शिकवायचो. फळीवर उभं राहायचं, शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचं, असा तो खेळ. ते केंद्र बंद पडलं तेव्हा एक जुनी फळी, लाल शीड आणि मोडकी डोलकाठी मी मागून घेतली आणि ओळखीच्या ट्रकवर टाकून गावी, वाशीम जिल्ह्यात परतलो.

घरी बाबा होते, शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. माझं काम त्यांना कधी पटलंच नाही. मी सुट्टीवर आलो की विचारायचे, "इतके वर्स फळीवर उभा राहून तू करते काय रे?" मी चिडायचो. आता अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि उरलेलीही फार टिकणार नव्हती. ती आहे तोवर बाबांनी मला एकदा पाण्यावर चालताना पाहावं, एवढंच मला हवं होतं. गावाजवळच्या धरणात अजून पाणी होतं, संध्याकाळी वाराही सुटायचा. अडलं होतं ते डोलकाठीपाशी.

कार्बनची ती पोकळ नळी बरोबर छातीच्या उंचीवर तडकली होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती. शेलूबाजारला एक चाचा गाड्यांचे फुटके बंपर आणि पाण्याच्या टाक्या फायबरने जोडून देतात, त्यांच्याकडे काठी नेली.

"चाचा, हलकी राह्यली पाह्यजे. वरून फायबरच्या दोन पट्ट्या मारा, बस. अन् हे वाकते, बरं का," मी पुन्हा पुन्हा बजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं, काठी गुडघ्यावर टेकवून दाबूनही पाहिली. नंतर बाबांना घेऊन अकोल्याच्या खेपा सुरू झाल्या आणि मला तिकडे फिरकायला सवड मिळाली नाही.

काठी आणायला गेलो तर ती उचलेना.

"घे बेटा," चाचा खुशीत म्हणाले. "अंदर लोखंडी पाईप टाकून देला. तू म्हने ना, वाकते म्हणून? आता हत्ती बसला तरी नाही वाकत!"

आमच्याकडे वस्तू वाकते म्हणणं ही तक्रार असते. खाट वाकते, शिडी वाकते, मग माणूस ती दुरुस्तीला टाकतो. मी गुण सांगत होतो आणि त्यांना रोग ऐकू आला. शीड शिवतानाच काठी वाकणार हे धरून शिवतात. ती वाकली तरच कापड ताणलं जातं आणि वारा धरतं. पण हे आता कोणाला सांगणार? चाचांनी पाईप पदरचा घातला होता, वरून काळा रंगही मारला होता. भांडायला तोंडच उरलं नाही. पाईप आत असा घट्ट चिकटला होता की तो काढायचा तर काठीच फोडावी लागली असती.

तरीही मी ती धरणावर नेली. अक्कल गहाण टाकली होती म्हणा. बहिणीने बाबांना स्कूटीवरून आणलं, भिंतीवर बसवलं आणि ती त्यांची पाण्याची बाटली आणायला मागे स्कूटीकडे गेली. खाली मी शीड चढवलं. दोर ओढून हात सोलले, पण कापडाच्या सुरकुत्या काही जाईनात. फळीवर उभा राहून ते धूड उचलायला गेलो तर फळी एका अंगावर कलली आणि मी चिखलात. पुन्हा चढलो, पुन्हा चिखलात. शेवटी रडूच आलं. सगळं काठावर ओढून टाकलं आणि वर बाबांकडे गेलो.

ते पाण्याकडे बघत होते. पावलं ऐकून त्यांना बहीण आल्यासारखं वाटलं.

"बस, बाई," ते म्हणाले. "पाह्य, तुया भाऊ कसा चालून राह्यला! लाल लाल शीड. मले वाटे, पोरगं थापाच मारते."

मावळतीचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. बाकी धरण रिकामं होतं.

"बाबा, मी अठीच हाय."

ते दचकले. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, पण बघत राहिले माझ्या थोडं बाजूला.

"मंग ते लाल काय हाय?"

"ऊन हाय, बाबा."

"असं होय," ते म्हणाले, आणि पुन्हा तिकडेच बघत बसले.