अर्थ न कळणारा श्रोता

आखातात, अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगची सिक्युरिटी गार्ड केनियाची होती. सुट्टीच्या दिवशी ती कुठेतरी स्टेजवर स्वतःच्या कविता म्हणायची. आधी आठवडाभर त्या स्वाहिलीत मला ऐकवायची. मी कंपनीच्या बसची वाट बघत चहा प्यायचो आणि ती माझ्या कपाकडे बघत राहायची.

"मला ढिम्म कळत नाही. मग मलाच का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"कळणारे उगाच वाहवा करतात. तुमचा कप हवेत थांबला, की ती ओळ मी ठेवते."

"आज कुठल्या ओळीला थांबला?"

ती हसली. "ती तर नुसती आमच्या गावच्या गाडीच्या थांब्यांची नावं होती."

बसमध्ये बसल्यावर मी माझ्या गावच्या एसटीचे थांबे पुटपुटायला लागलो. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणं. कोलाडपर्यंत आलो, तेव्हा शेजारच्या मल्याळी माणसाचं मोबाईलवरचं बोट थांबलं होतं.